कोयता, मोळी आणि नववा महिना

आजचा एपिसोड माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडपासून सुरू करूया. प्रश्न साधा आहे. गरोदर बाईने किती हालचाल करावी?

जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून सांगते, की काही वैद्यकीय अडचण नसेल तर आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा. भरभर चालणं वगैरे. शहरातल्या ताईला हा सल्ला अगदी योग्य आहे. पण बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बाईला तो द्यायचा कसा?

दसरा-दिवाळीच्या सुमारास इथली गावं रिकामी व्हायला लागतात. मुकादमाकडून उचल घेऊन नवरा-बायको पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. हिशोबात ती दोघं मिळून ‘एक कोयता’. नवरा ऊस तोडतो, बायको मोळी बांधून डोक्यावर घेते आणि फळीवरून चढून गाडी भरते. एकेक मोळी ३०-४० किलोची. एक दिवस खाडा झाला, तर पैसे कापले जातात. मग पोटुशी असली तरी ती फडात येतेच.

म्हणजे हालचाल कमी पडते हा तिचा प्रॉब्लेमच नाही. व्यायामात आपण थकलो की थांबतो. इथे थांबायचं कधी, हे तिच्या हातात नसतं. फरक तिथेच आहे.

आता जरा मागे जाऊ. गरोदर कामगार बाईला विश्रांती हवी, ही मागणी जुनीच आहे. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला ठाम पाठिंबा दिला. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा कायदा आला, पण तो कारखान्यातल्या बायकांसाठी. मग १९६१ चा देशभराचा कायदा. त्यात बाळंतपणाआधीच्या ठरावीक काळात बाईने मागणी केली, तर तिला कष्टाचं किंवा फार वेळ उभं राहण्याचं काम देता येणार नाही, अशी तरतूद होती. २०१७ मध्ये पगारी रजा २६ आठवड्यांची झाली.

मग हे सगळं फडापर्यंत का पोचलं नाही? कारण कायदा विचारतो, मालक कोण? कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो आणि मुकादम कारखान्याकडे. बाईचं नाव हजेरीपटावर नसतंच, कारण हिशोब कोयत्याचा.

याची किंमत किती, ते २०१९ मध्ये दिसलं. बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. पाळी आणि दुखणं म्हणजे खाडा, हा हिशोब त्यामागच्या कारणांपैकी एक होता.

म्हणून गरोदरपणातल्या फिटनेसचं रील पुढे पाठवताना एवढं लक्षात असू द्या. काहींना चालायची आठवण करून द्यावी लागते आणि काहींना बसायची परवानगी मिळवून द्यावी लागते. कोयत्याच्या हिशोबात बाईचं नाव स्वतंत्र लिहिलं गेलं, तर सुरुवात तिथून होईल.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!