माळ, परवाना आणि बैठक : मद्यमुक्तीच्या इतिहासातील एक प्रश्न

महाराष्ट्रातील मद्यविरोधी प्रयत्नांचा इतिहास बहुधा कायदे, सभा व निदर्शने यांच्या अनुषंगाने लिहिला जातो. त्यात दारूचे दुकान असते, सरकार असते, सुधारक असतात. दारूतून सुटू पाहणारा मनुष्य मात्र क्वचित आढळतो. त्याने साहाय्यासाठी कोठे जावयाचे आणि तेथे आपली ओळख काय सांगावयाची, या प्रश्नाला निरनिराळ्या काळी निरनिराळी उत्तरे मिळाली. कोल्हापूरच्या संदर्भात त्यांपैकी तीन उत्तरांचा येथे विचार कर्तव्य आहे.

आरंभी शब्दाचा विचार केला पाहिजे. ‘व्यसन’ या संस्कृत शब्दाचा एक जुना अर्थ संकट किंवा आपत्ती असा आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणाचे नावच ‘व्यसनाधिकारिक’ असून त्यात राज्यावरील आपत्तींबरोबर मृगया, द्यूत, स्त्रिया व पान या कामज व्यसनांचाही विचार येतो. मराठीत आपत्तीचा अर्थ मागे पडला आणि वाईट सवयीचा उरला. ‘व्यसनी’ हे विशेषण त्यामुळे दोषारोपाचे झाले. आपत्तीत सापडलेल्यास साहाय्य द्यावयाचे असते. दोषी मनुष्यास उपदेश अथवा दंड.

पहिले उत्तर वारकरी परंपरेचे. तुळशीची माळ घालणे म्हणजे मद्यमांस वर्ज्य करणे, असा संकेत पंचगंगेच्या खोऱ्यातही दृढ आहे. आषाढी एकादशीस कोल्हापूरहून नंदवाळला जाणाऱ्या दिंडीतील माळकऱ्याचे व्रत सर्वांना दिसते, आणि या दिसण्यातच त्याचे बळ आहे. मर्यादाही तेथेच आहे. माळ तुटली की तीही गावाला दिसते. पुन्हा उभे राहण्यास मग अधिक धैर्य लागते.

दुसरे उत्तर कायद्याचे. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले व त्याच वर्षीचा मुंबई दारूबंदी अधिनियम या भागासही लागू झाला. १९५० पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. प्रकृतीच्या कारणास्तव ज्याला मद्य आवश्यक ठरे त्याने परवाना घ्यावा, अशी तरतूद होती. पुढे निर्बंध शिथिल झाले; तथापि हा अधिनियम महाराष्ट्राच्या नावाने आजही अस्तित्वात असून परवान्याची अटही त्यात कायम आहे. कायद्याचे लक्ष मुख्यतः पदार्थावर असते. पिणाऱ्याची गाठ त्याच्याशी पडते ती अर्जदार म्हणून किंवा आरोपी म्हणून. दोन्ही प्रसंगी पूर्ण नाव व पत्ता लिहून द्यावा लागतो.

तिसरे उत्तर दूरदेशी सिद्ध झाले. मे १९३५ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावी व्यवसायानिमित्त आलेल्या बिल विल्सन यांना पुन्हा पिण्याचा मोह झाला. हॉटेलातून त्यांनी एका धर्मोपदेशकास दूरध्वनी केला व आपल्यासारखाच एखादा मद्यपी भेटावा, अशी विनंती केली. या खटपटीतून डॉ. बॉब स्मिथ यांची भेट घडली आणि ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ या संघटनेचा उगम झाला. म्हणजे या संघटनेचा प्रारंभच एका शोधाने झाला, आणि शोधणारा स्वतः वैद्य नव्हता, गरजू होता. पिणे थांबविण्याची इच्छा एवढीच सदस्यत्वाची अट. शुल्क नाही, बाहेरची देणगी नाही.

१९५७ साली ही संघटना मुंबईत आली. त्या वेळी राज्यात दारूबंदी जारी होती, हे लक्षणीय आहे. दुकान बंद झाल्याने तहान संपत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा नको. १९८६ मध्ये डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी पुण्यात ‘मुक्तांगण’ स्थापिले. तेथे उपचारास सहकाऱ्यांच्या आधाराची जोड मिळाली, व रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गटही उभा राहिला.

आज कोल्हापुरातही अशा बैठका भरतात. बैठकीत बोलणारा फक्त पहिले नाव सांगतो. मराठी समाजात आडनावावरून गाव, जात व घराणे यांचा अंदाज बांधला जातो. पेठ आणि तालीम यांवरून माणूस ओळखणाऱ्या या शहरात आडनाव गाळणे ही लहान गोष्ट नव्हे. त्यापुढील वाक्यही विचारार्ह आहे. ‘मी दारू पीत असे’ असा भूतकाळ तेथे वापरीत नाहीत; वर्षानुवर्षे न पिणाराही ‘मी मद्यपी आहे’ असे वर्तमानात सांगतो. दोषवाचक शब्द येथे स्वतःच्या मुखाने उच्चारला गेल्याने निदानवाचक होतो, आणि ‘व्यसना’तील आपत्तीचा जुना अर्थ जणू परत येतो.

परंतु अनामिकतेचे मोलही द्यावे लागते. जी बैठक आपल्या सदस्यांची नावे मिरवीत नाही, ती नवागतास सापडावी कशी? रुग्णालयातील मानसोपचार विभाग, व्यसनमुक्ती केंद्र, १४४४६ ही राष्ट्रीय साहाय्यवाहिनी किंवा आधी जाऊन आलेला एखादा परिचित, हे तिच्याकडे जाण्याचे मार्ग होत. खुल्या बैठकीस कोणासही बसता येते. बंद बैठक केवळ मद्यपींची असते. हा भेद ठाऊक नसल्याने नातलग दारातूनच परतण्याचा संभव असतो.

माळेने व्रत दिले, परवान्याने नोंद ठेवली. बैठकीने चुकलेल्यास नाव न विचारता पुन्हा आत येण्याची मुभा दिली. तिच्या स्वरूपामुळेच इतिहासकाराच्या हाती तिची कागदपत्रे अल्प लागतील. मात्र बैठकीचे स्थळ व वेळ यांत गुप्त असे काही नाही. झाकावयाचे ते माणसाचे नाव. दार कोठे आहे, हे सर्वांस ठाऊक असले पाहिजे.