टाइमलाइन आज्ञा (बहुमाध्यम निर्मिती)

बहुमाध्यम निर्मितीच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र, ध्वनी आणि मजकूर टाइमलाइनवर फ्रेमच्या क्रमाने मांडतात. प्लेबॅक चालू करणारी, थांबवणारी, पुढेमागे नेणारी किंवा ठरावीक जागी उडी घ्यायला लावणारी स्क्रिप्टमधली सूचना म्हणजे टाइमलाइन आज्ञा. डायरेक्टर या सॉफ्टवेअरच्या लिंगो भाषेत ‘गो’, फ्लॅश या सॉफ्टवेअरच्या ॲक्शनस्क्रिप्ट भाषेत ‘प्ले’, ‘स्टॉप’, ‘नेक्स्टफ्रेम’, ‘प्रेव्हफ्रेम’, ‘गोटूअँडप्ले’ आणि ‘गोटूअँडस्टॉप’ या त्यांतल्या नेहमीच्या. फ्लॅशची मुख्य टाइमलाइन शेवटच्या फ्रेमनंतर पुन्हा पहिलीवर जाते, म्हणून धड्यात विद्यार्थ्याला विचाराला वेळ द्यायचा तिथे ‘स्टॉप’ लिहावेच लागते. डायरेक्टरमध्ये तेच काम प्लेहेडला, म्हणजे चालू फ्रेम दाखवणाऱ्या खुणेला, त्याच फ्रेमवर पुन्हा पुन्हा परत पाठवून साधत. उडीचे ठिकाण मात्र दोन प्रकारे सांगता येते : फ्रेमच्या क्रमांकाने किंवा तिला दिलेल्या लेबलने. शैक्षणिक साहित्यात लेबलच वापरावे, आणि नांदेड-लातूरसारख्या भागात तर त्याला पर्यायच नाही.

या दोन जिल्ह्यांत मराठी आणि उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत. देगलूर, बिलोली, धर्माबादकडे घरात तेलुगू, तर उदगीर-देवणीकडे कन्नड कानावर पडते. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची (एमकेसीएल) एमएस-सीआयटी या संगणक-साक्षरता अभ्यासक्रमाची केंद्रे तालुक्यापर्यंत पोचली, तेव्हा पडद्यावरून शिकणेही इथे ओळखीचे झाले. अशा ठिकाणी एकच धडा दोन-तीन भाषांत करण्याची गरज उघड आहे. समजा, ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपावरचा धडा सेकंदाला १२ फ्रेम या वेगाने बनवला. पहिल्या भागाचे इंग्रजी निवेदन ४० सेकंदांचे, म्हणजे ४८० फ्रेमचे. ‘पुढे’ बटणावर ४८१ वर जाण्याची आज्ञा. मराठी निवेदन ४६ सेकंदांचे झाले की दुसरा भाग ५५३ वर सरकतो, पण बटण ४८१ वरच नेते. विद्यार्थ्याला पुढचा भाग दिसण्याऐवजी आधीच्याच भागाचे शेवटचे सहा सेकंद पुन्हा ऐकू येतात. उर्दूसाठी आकडा आणखी वेगळा. प्रत्येक बटण उघडून आकडे बदलायचे म्हटले की एखादे राहणारच. दुसऱ्या भागाच्या आरंभाला ‘पुनर्वसन’ या अर्थाचे लेबल दिले असते, तर फ्रेम कितीही सरकली तरी एकही आज्ञा बदलावी लागली नसती.

लेबलच्या स्पेलिंगची चूक होऊ शकते, क्रमांक बिनचूक असतो, हा आक्षेप निम्माच खरा आहे. ॲक्शनस्क्रिप्ट ३ मध्ये नसलेल्या लेबलकडे पाठवले तर त्रुटीचा संदेश येतो आणि चूक निर्मात्याच्याच टेबलावर सापडते. चुकीचा क्रमांक मुकाट्याने चालतो आणि वर्गात उघडा पडतो. दहा-वीस फ्रेमच्या छोट्या बॅनरला क्रमांक पुरतो, हे मान्य, धड्याला नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार : अडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश प्लेअरला साहाय्य देणे थांबवले, मग ही चर्चा कशाला? पण आज्ञा प्लेअरबरोबर संपल्या नाहीत. फ्लॅशचेच पुढचे रूप असलेल्या ॲनिमेटमधून एचटीएमएल५ कॅनव्हाससाठी काम करताना ‘गोटूअँडप्ले’ आणि ‘गोटूअँडस्टॉप’ आजही याच नावांनी लिहितात. फरक इतकाच, की फ्लॅशमध्ये पहिल्या फ्रेमचा क्रमांक १ असतो आणि कॅनव्हाससाठी वापरल्या जाणाऱ्या क्रिएटजेएस या जावास्क्रिप्ट संचात ०. जुना आकडा तसाच नेला की प्रत्येक उडी एक फ्रेम पुढे पडते, आणि नेमक्या त्या सुटलेल्या फ्रेमवर ‘स्टॉप’ असेल तर धडा थांबतच नाही. लेबलला ही बाधा होत नाही.

फ्लॅशचा जुना दस्तऐवज कॅनव्हासमध्ये रूपांतरित करताना ॲनिमेट मूळ ॲक्शनस्क्रिप्ट निष्क्रिय टिपणात बदलते. आज्ञा हाताने पुन्हा लिहाव्याच लागतात. शाळेच्या कपाटात किंवा सीडीवर असे धडे असतील, तर नुसती प्रकाशित एसडब्ल्यूएफ नव्हे, संपादन करता येणारी मूळ एफएलए फाइल आधी जपून ठेवावी, आणि पुन्हा लिहिताना प्रत्येक क्रमांकाच्या जागी लेबल घालावे.