शिवाराच्या पायऱ्या

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात चारठाणा नावाचे पुरातन गाव आहे. चालुक्य-यादवांच्या काळाची आठवण करून देणारी देवळे, कोरीव कामाचा उंच दगडी स्तंभ आणि गोकुळेश्वराची बारव पाहायला जाणकार मंडळी तिथे मुद्दाम जातात. देवळांविषयी आज बोलायचे नाही. आजच्या विषयासाठी आपल्याला त्या बारवेच्या पायऱ्या तेवढ्या हव्या आहेत.

बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. तिच्यात उतरणाऱ्याला पाणी किती खाली गेले हे मोजायला वेगळी काठी लागत नाही. पायऱ्या मोजल्या की झाले. दगडाची पायरी जागची हलत नाही, पाणी तेवढे वर-खाली होते. उंचीची खूण पक्की, पाण्याची खूण बदलती. पूर ओळखायचा तो याच दोन खुणांच्या मेळातून. अडचण एवढीच, की बारव चार भिंतींच्या आतले पाणी मोजते. नदी-ओढ्याचे पाणी काठ सोडून पसरते, तेव्हा सगळे शिवारच पायऱ्या-पायऱ्यांचे आहे असे समजावे लागते. कोणते वावर खालच्या पायरीवर, कोणती आळी वरच्या पायरीवर, हे आधी ठाऊक असेल तर पाणी कुठवर येईल ते सांगता येते. या अदृश्य पायऱ्या माणसाने कशा मोजल्या, तोच आजचा इतिहास.

आपल्या देशात शास्त्रशुद्ध मोजणीला मोठी सुरुवात झाली ती १८०२ साली मद्रासजवळ. विल्यम लॅम्बटन नावाच्या अधिकाऱ्याने साखळीने एक पायारेषा मोजली आणि तिच्यावर त्रिकोणामागून त्रिकोण रचत तो उत्तरेकडे निघाला. कोन मोजायची त्याची दुर्बीण सुमारे अर्धा टन वजनाची. टेकडीवर, देवळाच्या गोपुरावर ती चढवायची, दूरच्या निशाणावर धरायची आणि कोन टिपून घ्यायचा. वीस वर्षे हे काम करीत तो आपल्या मुलखापर्यंत आला आणि १८२३ च्या जानेवारीत वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने ते काम हिमालयापर्यंत नेले. १८५८ पासून समुद्रसपाटीपासूनची उंची काटेकोर मोजण्याचे स्वतंत्र काम सुरू झाले. दोन पट्ट्या, मधे पाणसळीची दुर्बीण, आणि टप्प्याटप्प्याने पुढे सरकायचे! जुन्या इमारतींवर किंवा दगडांवर उंचीच्या कोरीव खुणा कुठे कुठे दिसतात, त्या या खटाटोपाच्या.

आता तुम्ही विचाराल, याचा पुराशी काय संबंध? तो समजायला थोडे हैदराबादकडे वळू. तेव्हा आपला परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि हैदराबाद ही आपली राजधानी. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला असा पूर आला, की शहरातली हजारो माणसे दगावली. दुसऱ्या वर्षी निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना पाचारण केले. त्यांनी शहरात बसून उपाय सांगितला नाही. पाऊस कुठे पडला, पाणी कोणत्या उतारावरून धावले, वरच्या अंगाचे किती तलाव फुटले याचा त्यांनी हिशेब मांडला. पाणलोटातल्या शेकडो तलावांपैकी दोनशेहून अधिक फुटले होते, म्हणजे एकाचे पाणी दुसऱ्यावर आणि दुसऱ्याचे तिसऱ्यावर कोसळले होते. पूर शहरात दिसला, पण घडला तो वरच्या शिवारात. त्यांच्या योजनेतून शहराच्या वर दोन जलाशय उभे राहिले. १९२० साली उस्मानसागर पुरा झाला आणि १९२७ साली हिमायतसागर.

विश्वेश्वरय्यांची रीत आजही तीच आहे : पाऊस किती, उतार कसा, पाण्याला वाट कुठे. पण उतार मोजायचे साधन तेव्हा तोकडे होते, आणि पुढेही फार काळ तोकडेच राहिले. शाळेत भूगोल शिकवणाऱ्या गुरुजींनी भारतीय सर्वेक्षण विभागाचा स्थलनिर्देशक नकाशा पाहिला असेल. त्यावरच्या तपकिरी वळणदार रेषा म्हणजे समोच्च रेषा. एका रेषेवरची सारी ठिकाणे सारख्या उंचीची. नेहमीच्या नकाशात दोन रेषांमधला फरक असतो साधारण २० मीटरांचा, सपाट मुलखात १० मीटरांचा. दहा मीटर म्हणजे तेहेतीस फूट झाले. अख्खे गाव, मारुतीच्या पारापासून ओढ्याकाठच्या शेवटच्या झोपडीपर्यंत, अशा दोन रेषांच्या मधे सहज मावते. आणि पूर तर गुडघ्याने, कंबरेने मोजायचा! उंबऱ्याच्या खाली पाणी राहिले तर घर वाचते, वितभर वर चढले तर धान्याची कोठी भिजते. तेहेतीस फुटांच्या मापाने वितभर पाणी कसे मोजणार?

ही कोंडी फोडली प्रकाशाने. १९६० साली अमेरिकेत थिओडोर मैमन यांनी पहिला लेसर किरण निर्माण केला. हा किरण साध्या दिव्यासारखा चहूकडे पसरत नाही, सुतासारखा सरळ जातो. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर. तेव्हा विमानातून किरणाचा एक ठिपका खाली सोडला आणि तो जमिनीवर आपटून परत यायला किती वेळ लागला हे मोजले, तर विमान आणि जमीन यांमधले अंतर कळते. डोंगरात हाक मारावी आणि किती वेळाने पडसाद येतो त्यावरून कडा किती दूर ते ताडावे, तसेच हे. फरक इतकाच, की एक किलोमीटर उंचीवरून सोडलेला किरण सेकंदाच्या दीड लाखाव्या भागात परत येतो. सेकंदाचे शंभर कोटी भाग केले, तर त्यातल्या एका भागाची चूक म्हणजे पंधरा सेंटिमीटरांची, जेमतेम वितभराची चूक. एवढा बारीक काळ मोजणारी घड्याळे आली आणि हे साधले.

नुसते अंतर कळून भागत नाही. त्या क्षणी विमान नेमके कुठे होते, कोणत्या अंगाला कलले होते, हेही हवे. उपग्रहांवरून जागा कळू लागली, कल सांगणारी यंत्रे आली, आणि मग विमान शेतावरून एकेक पट्टा उडत जाऊ लागले, पेरणीला तिफण काकर धरून जाते तसे. सेकंदाला लाखाच्या घरात ठिपके खाली पडतात. झाडावर पडलेल्या एकाच किरणाचा काही भाग शेंड्यावरून परततो आणि काही भाग पानांच्या फटींतून जमिनीवर जाऊन मागाहून येतो. शेवटी आलेले ठिपके तेवढे निवडले, की झाडझाडोरा बाजूला सारलेली उघडी जमीन नकाशावर उभी राहते. या पद्धतीला लायडार म्हणतात.

हॉलंडमध्ये १ फेब्रुवारी १९५३ च्या रात्री समुद्राने बांध फोडले आणि अठराशेहून अधिक माणसे गेली. देशाचा सुमारे चौथा भाग समुद्रसपाटीखाली. तिथल्या लोकांना वितभर उंचीचे मोल कुणी शिकवायला नको होते. १९९६ पासून त्यांनी सारा देश विमानातून लेसरने मोजायला घेतला आणि पुढे काही वर्षांनी तीच मोजणी पुन:पुन्हा केली, कारण बांध खचतात आणि जमीनही दबते.

आपल्याकडे डोळे उघडले ते २६ जुलै २००५ ला. मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. डॉ. माधवराव चितळे यांच्या सत्यशोधन समितीने या आपत्तीची कारणे तपासली. शहराची जमीन कुठे उंच, कुठे सखल याचे बारीक नकाशे हवेत, ही गरज तेव्हापासून ठळक झाली. २०२० च्या जूनमध्ये मुंबईसाठी पुराची पूर्वसूचना देणारी यंत्रणा सुरू झाली. पाऊस, भरती, नाले, जमिनीची उंची यांचा मेळ घालून कोणत्या भागात किती पाणी साचेल याचा ती अंदाज करते. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने विमानातून लेसरने जमीन मोजण्याचे तंत्र आपल्या पूरप्रवण नदीकाठांसाठी वापरले. २०१६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय जलविज्ञान प्रकल्पात भारतीय सर्वेक्षण विभागाकडे उंचीचे बारीक नकाशे करण्याचे काम आले.

मोजलेली जमीन संगणकात घातली, की तिचे लहान लहान चौकोन करतात. प्रत्येक चौकोनाला आपली उंची, म्हणजे आपली पायरी. वरून पाऊस किंवा धरणाचा विसर्ग सोडायचा आणि पाणी खालच्या चौकोनात कसे उतरते ते पाहायचे. सांगलीकरांना हे गणित तोंडपाठ आहे. आयर्विन पुलाजवळ ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका, आणि अमुक फुटाला अमुक गल्लीत पाणी, हे त्यांना कळते. २०१९ साली पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा मात्र तोंडपाठ गणिताच्या पलीकडच्या गल्ल्याही बुडाल्या. जो पूर अजून पाहिला नाही, तो आधी कागदावर आणून पाहणे, हाच या नकाशाचा खरा उपयोग.

आणि इथेच आपल्या मराठवाड्याची गोष्ट येते. सांगलीला पुराची आठवण आहे, आपल्याला दुष्काळाची. चार वर्षे ओढा कोरडा राहिला की त्याचे पात्र नांगराखाली येते, काठावर टपरी उभी राहते, टपरीचे घर होते. मग २००६ चा ऑगस्ट येतो, गोदावरी फुगते आणि गंगाखेड-नांदेडला पाणी शिरते. २०२५ चा सप्टेंबर येतो आणि जायकवाडीचे दरवाजे उघडून लाखांच्या क्युसेकने पाणी सोडावे लागते. पूर्णेवर १९६८ पासून येलदरीचे धरण आहे, दुधनेवर सेलूजवळ निम्न दुधनेचे आहे. धरणातून किती पाणी सोडले हा आकडा आता मोबाइलवर कळतो. पण त्या आकड्याने माझ्या उंबऱ्याशी किती पाणी येईल, हे आकडा सांगत नाही. ते सांगते उंची.

तरीही, श्रोतेहो, विमान सगळे जाणते असे समजू नका. नेहमीचा लेसर किरण पाण्याच्या तळाला पोचत नाही, म्हणून आपल्याकडे ही मोजणी उन्हाळ्यात बरी. तेव्हा ओढे आटलेले असतात आणि कापूस-सोयाबीन उभे नसते. दुसरे असे, की किरण रस्त्याची पाठ पाहतो, रस्त्याखालची मोरी पाहत नाही. संगणकाला वाटते, हा रस्ता म्हणजे बांधच! आणि मोरी असूनही ती काडीकचऱ्याने तुंबली असेल, तर संगणक म्हणेल पाणी गेले आणि गावात मात्र ते तुंबेल. या दोन्ही गोष्टी गावातल्या माणसालाच ठाऊक. शिवाय कागदावरचा पूर खरा की खोटा, हे पडताळायला खऱ्या पुराची खूण लागते. ती कोणत्याही विमानात मिळत नाही. ती कुणाच्या भिंतीवर, कुणाच्या आजीच्या आठवणीत असते.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवतो. सातवी-आठवीच्या मुलांना घेऊन गावातल्या पुराच्या खुणा गोळा करा. कोणत्या साली, कोणत्या घराच्या कितव्या दगडापर्यंत पाणी आले ते म्हाताऱ्या माणसांना विचारा. दोघांनी वेगळे सांगितले तर तिसऱ्याला विचारा. शाळेच्या, देवळाच्या पक्क्या भिंतीवर साल घालून रंगाची रेघ ओढा. मोऱ्या किती, त्यांतल्या तुंबलेल्या किती, याची यादी दर मे महिन्यात ग्रामपंचायतीला द्या. निळी पूररेषा आणि लाल पूररेषा यांचा अर्थही मुलांना समजावून सांगा. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून सरासरी एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून सरासरी एकदा येणाऱ्या पुराची. याचा अर्थ, यंदा आला म्हणजे शंभर वर्षांची निश्चिंती, असा मुळीच नाही. दर पावसाळ्यात त्या मोठ्या पुराची शंभरात एक शक्यता असतेच.

लॅम्बटनने साखळी ओढली, विश्वेश्वरय्यांनी फुटलेले तलाव मोजले, आज विमान किरण सोडते. प्रत्येकाने जमिनीला एकच प्रश्न विचारला : तुझी पायरी कितवी? उत्तर आता वितभराच्या आत मिळू शकते. त्या उत्तराशेजारी गावाने आपल्या पुराची रेघ ओढून ठेवली, तर पाणी यायच्या आधी कोणत्या घरातली माणसे कोणत्या वाटेने वर न्यायची, हे अंधाऱ्या रात्री ठरवत बसावे लागणार नाही.