सभेपूर्वीचे गोखले

बंगळूरच्या बुल टेंपल रोडने नरसिंहराजा कॉलनीकडे गेले की ‘गोखले सार्वजनिक विचार संस्था’ लागते. या शहरी नव्याने बदली होऊन आलेल्या मराठी माणसास प्रथम वाटते, कोणी आपल्यापैकीच गोखले येथे येऊन ती स्थापून गेले असावेत. माझाही तसाच समज झाला होता. वस्तुतः ही संस्था कन्नड साहित्यातील थोर पुरुष डी. व्ही. गुंडप्प यांनी १९४५ साली, म्हणजे नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या निधनानंतर तीस वर्षांनी स्थापन केली. ‘मंकुतिम्मन कग्ग’ लिहिणाऱ्या या कवीने गोखल्यांचे चरित्रही कन्नडमध्ये लिहिले आहे.

या संस्थेचे स्मरण ठेवण्यास मला एक खाजगी कारण आहे. काही वर्षांपूर्वी आपल्या मंडळाच्या महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमात योजलेले वक्ते ऐनवेळी येऊ शकले नाहीत आणि चिटणीसांनी मला उभे केले. गोखल्यांवर चार शब्द बोलणे अवघड ते काय, अशा भ्रमात मी वीस मिनिटे बोललो. टाळ्याही पडल्या. चहाच्या वेळी एक वयोवृद्ध सभासद जवळ येऊन हळूच म्हणाले, “साहेब, गोखल्यांना आपण पुण्यात जन्मास घातलेत. आमच्या गुहागर तालुक्यातल्या कोतळुकास अगदीच विसरलात.” समोर बसलेल्या मुलामुलींनी माझे वाक्य खरे मानून घरी नेले असणार, ही टोचणी अद्याप गेलेली नाही. त्यानंतर गोखले भाषणाची तयारी कशी करीत, हे मी शोधून वाचू लागलो.

गोखले हे जन्मजात फर्डे वक्ते नव्हेत. शिवरामपंत परांजप्यांचा उपरोध त्यांच्यापाशी नव्हता, टिळकांचा रोखठोक घावही नव्हता. १८८४ साली बी. ए. होऊन ते पुण्यास शिक्षक झाले (ही पदवी माझ्याही नावापुढे आहे, पण तेथेच साम्य संपते!) आणि १८८७ च्या सुमारास न्यायमूर्ती रानड्यांच्या सहवासात आले. सार्वजनिक सभेचे त्रैमासिक, सरकारकडे जाणारे अर्ज, अहवाल, अंदाजपत्रके हीच त्यांची वक्तृत्वाची शाळा. सभेत तोंड उघडण्यापूर्वी कागद वाचावा, आकडा ताडून पाहावा आणि प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याहून नीट समजून घ्यावे, ही शिस्त त्यांच्या अंगी येथे बाणली.

या शाळेत आणखी एक गुरू होते आणि त्यांचे नाव आज फारसे कोणी घेत नाही. गणेश व्यंकटेश जोशी हे सरकारी शाळाखात्यातील शिक्षक. हिंदुस्थानच्या जमाखर्चाचे त्यांच्याइतके सूक्ष्म ज्ञान त्या काळी फार थोड्यांस होते. सरकारी चाकरीत असल्याने त्रैमासिकातील त्यांचे लेख निनावी प्रसिद्ध होत. जन्मभर दुसऱ्याच्या सहीसाठी टिपणे तयार करणाऱ्या आम्हा सरकारी नोकरांस या गृहस्थाविषयी विशेष आपुलकी वाटावी, यात नवल नाही.

१८९७ साली गोखले वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यास विलायतेस गेले, तेव्हा वयाची एकतिशीही उलटली नव्हती. रानडे व जोशी यांनी त्यांची तयारी करून घेतली होती. आकड्यांच्या आधारावर उभी असलेली ती साक्ष उलटतपासणीतही ढळली नाही.

परंतु त्याच मुक्कामात त्यांच्या हातून जन्मभर सलणारी चूक घडली. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तात गोऱ्या सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याची पत्रे त्यांना मित्रांकडून आली. त्यांवर विश्वासून त्यांनी तो मजकूर तेथील वृत्तपत्रास सांगितला. सरकारने पुरावा मागितला, आणि परत आल्यावर पुरावा घेऊन पुढे येण्यास कोणी धजेना. गोखल्यांनी जाहीर माफी मागितली. स्वकीयांनी त्यांस भित्रे ठरविले. माफी मागावयास नको होती, असे म्हणणारे आजही भेटतात. मला मात्र तो मनुष्य तेथेच अधिक मोठा दिसतो. कमिशनपुढील साक्ष आणि वृत्तपत्राची मुलाखत यांत वक्ता एकच होता, इंग्रजी तेच होते. पहिल्यामागे वर्षानुवर्षांची ताडून पाहिलेली कागदपत्रे होती आणि दुसरीमागे केवळ ऐकीव माहिती.

पुढे २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यास वरिष्ठ कायदेमंडळात त्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. त्या काळच्या कायद्याप्रमाणे सभासदांस अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा होती, मत देण्याची नव्हती. म्हणजे बोलून काही पदरात पडण्याची खात्री नाहीच. तिजोरीतील शिल्लक हे सुबत्तेचे लक्षण नसून रयतेकडून गरजेपेक्षा अधिक कर घेतल्याचा तो पुरावा आहे, असे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखवून दिले आणि मिठावरील कर कमी करण्याची मागणी केली. रानडे त्यापूर्वी वर्षभर आधीच वारले होते. आकड्यांच्या कामी जोशांचे साहाय्य मात्र चालू होते. मिठावरील कर १९०३ साली मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला आणि १९०७ पर्यंत एक रुपयावर उतरला. हे श्रेय एकट्या भाषणांचे नव्हे, हे उघड आहे. तरीही दरसाल तोच मुद्दा नव्या आकड्यांनिशी मांडणारा मनुष्य सभागृहात बसला आहे, हे सरकारास विसरता येत नव्हते.

सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे त्यांचे विधेयक मार्च १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. ते पडणार, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून तयारीत कसूर केलेली दिसत नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरात ते दक्षिण आफ्रिकेस गेले. प्रिटोरियास बोथा व स्मट्स या मंत्र्यांची भेट ठरली, तेव्हा गांधीजींनी तेथील हिंदी लोकांच्या अठरा वर्षांच्या हकिगतीचे टिपण करून दिले. ते टिपण पूर्ण आत्मसात होईपर्यंत गोखले रात्री उशिरापर्यंत बसून राहिले. प्रकृती तेव्हा पुरती ढासळली होती आणि वय अवघे सेहेचाळीस होते.

या दौऱ्यातील एक प्रसंग गांधीजींनीच लिहून ठेवला आहे. जोहान्सबर्गच्या सभेस कोकणी मुसलमान आणि काही महाराष्ट्रीय हिंदू येणार होते. आपल्या गोखल्यांनी आपल्या भाषेत बोलावे, असा त्यांचा आग्रह होता. तो गांधीजींनी गोखल्यांच्या कानी घातला व भाषांतर आपण करू, असेही सांगितले. गोखले खदखदून हसले आणि मराठीचे हे पांडित्य तुम्ही कोठे मिळविले, असे त्यांनी विचारले. मराठीचा शब्दही आपणांस बोलता येत नाही, परंतु विषय परिचयाचा असल्याने भावार्थ पकडता येईल, असे गांधीजींचे उत्तर होते. गोखल्यांनी मान्य केले. तेथून पुढे अगदी परतीच्या वाटेवर झांझिबारपर्यंत अशा सभांतून गोखले मराठीत बोलत राहिले आणि गांधीजी शेजारी उभे राहून भाषांतर करीत राहिले.