शिंगाळा, कोळस, नुक्ता: लॅटिन नावांतली मराठी

माशाचं शास्त्रीय नाव कधी मोठ्याने वाचून बघितलंय? ‘स्पेराटा सीनघाला’. ओळखलंत ना? आपला शिंगाळाच तो!

कर्नल साइक्स हा मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी. दख्खनभर फिरताना त्याने भीमा, मुळा-मुठेतले मासे नोंदवले आणि १८३९ मध्ये जगापुढे मांडले. नावं देताना इथल्याच बोलीतले शब्द उचलले: शिंगाळा, कोळस, नुक्ता. आजही या नावांपुढे ‘साइक्स, १८३९’ असं लिहितात. मासा ओळखून नाव सांगणारा मात्र कुठेच नाही.

यातला नुक्ता आज आययूसीएनच्या यादीत संकटग्रस्त आहे.

म्हणून बोर्डीजवळच्या ओहोळांवर विद्यार्थ्यांना नेतो, तेव्हा माझा नियम एकच: पुस्तक उघडण्याआधी विचारा. पहिल्या पावसात वलगणीचे मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध चढतात. ते कोणत्या ओहोळात, किती दिवस, हे इथल्या वारली आजीला ठाऊक असतं. चढणारे सगळेच धरले तर पुढच्या वर्षी पिल्लं कुठून येणार, हेही तिलाच विचारा. आणि तिची परवानगी असेल तर वहीत माशाशेजारी तिचंही नाव लिहा. साइक्सकडून राहिलेलं काम आपण करू.