बंगलोर प्रकल्प: चाचणी कोणाच्या बाजूची?

‘पद्धत अ की पद्धत ब’ असा विषय घेणार असाल, तर बंगलोर प्रकल्प आधी वाचाच. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातल्या काही शाळांत इंग्रजीचा वेगळाच तास चालवला. वाक्यरचना घोकायच्या नाहीत. रेल्वेचं वेळापत्रक किंवा नकाशा घेऊन प्रश्न सोडवायचे. एक कृती शिक्षक वर्गासोबत तोंडी करणार, मग तशीच दुसरी ज्याने त्याने एकट्याने. डोकं अर्थात गुंतलं की व्याकरण नकळत बसतं, हा दावा. (गटकार्य प्रभूंनी मुद्दाम टाळलं होतं, हे बरेच जण विसरतात!)

१९८५ मध्ये बेरेटा आणि डेव्हिस यांचं मूल्यमापन आलं. रचनांच्या चाचणीत नेहमीचे वर्ग पुढे, कृतींच्या चाचणीत प्रभूंचे. आता जिंकलं कोण? श्रुतलेखनासारख्या, कोणत्याच पद्धतीकडे न झुकणाऱ्या चाचण्याही त्यांनी ठेवल्या होत्या, आणि त्यांत प्रकल्पाचे वर्ग सरस ठरले. मला यातली खरी शिकवण इथे दिसते. पण मुलं चिठ्ठ्या टाकून वाटलेली नव्हती, शाळेतले वर्ग होते तसेच घेतले होते. मग फरक पद्धतीचा, की मुळात वर्गच वेगळे होते? पुढे १९९० मध्ये बेरेटा यांनी शिक्षकांनी ही पद्धत वर्गात प्रत्यक्ष कितपत राबवली, हेच तपासायला घेतलं.