द डार्क फिनिक्स सागा

द डार्क फिनिक्स सागा ही अमेरिकेतील मार्व्हल कॉमिक्स या प्रकाशनसंस्थेने १९८० साली प्रसिद्ध केलेली सुपरहिरो कथामालिका आहे. ती एक्स-मेन या नियतकालिकाच्या अंक १२९ ते १३८ मध्ये क्रमशः प्रकाशित झाली. लेखक ख्रिस क्लेअरमाँट आणि चित्रकार जॉन बर्न हे तिचे सहनिर्माते होत. अमर्याद शक्ती प्राप्त झालेली जीन ग्रे ही नायिका त्या शक्तीच्या आहारी जाते, तिच्या हातून एका संपूर्ण ग्रहावरील जीवसृष्टीचा संहार होतो आणि अखेरीस ती स्वतःचे जीवन संपवते, असे तिचे कथासूत्र आहे.

सुपरहिरो कॉमिक्सकडे नव्याने वळणाऱ्या वाचकांना ज्या जुन्या कथामालिका सुचवल्या जातात, त्यांत हिचे नाव अग्रक्रमाने येते. नायकाच्या कृत्याची किंमत खुद्द नायकालाच मोजावी लागते, हे तोवर या साहित्यप्रकारात क्वचितच घडत असे. कथेचा मूळ शेवट निराळा होता आणि तो छपाईपूर्वी बदलण्यात आला. त्यामुळे कथेतील नैतिक प्रश्नाइतकाच तिच्या निर्मितीचा इतिहासही अभ्यासला जातो.

पार्श्वभूमी

एक्स-मेन या संघाची निर्मिती स्टॅन ली व जॅक कर्बी यांनी १९६३ साली केली. जन्मतः विशेष शक्ती लाभलेल्या माणसांना या कथांत म्युटंट म्हटले जाते. प्रोफेसर चार्ल्स झेव्हियर अशा तरुणांना आपल्या शाळेत शिक्षण देतात आणि त्यांचा भय व द्वेष करणाऱ्या जगाचेच रक्षण करायला शिकवतात. संघाच्या मूळ पाच विद्यार्थ्यांमध्ये जीन ग्रे ही एकमेव मुलगी होती. मनाच्या बळाने वस्तू हलवण्याची शक्ती असलेली ही व्यक्तिरेखा तेव्हा मार्व्हल गर्ल या नावाने ओळखली जाई आणि संघात तिचे स्थान बरेचसे दुय्यम होते.

वाचकांचा प्रतिसाद घटल्याने १९७० पासून या नियतकालिकात केवळ जुन्या कथांचे पुनर्मुद्रण होऊ लागले. १९७५ साली लेखक लेन वाइन आणि चित्रकार डेव्ह कॉक्रम यांनी 'जायंट-साइझ एक्स-मेन' या विशेषांकाद्वारे संघाची पुनर्रचना केली. केनियातील स्टॉर्म, सोव्हिएत संघातील कोलोसस, जर्मनीतील नाइटक्रॉलर, कॅनडातील वुल्व्हरीन अशा विविध देशांतील व्यक्तिरेखा त्यात आल्या. त्यानंतर लेखनाची सूत्रे क्लेअरमाँट यांच्याकडे आली.

१९७६ साली प्रसिद्ध झालेल्या अंक १०० व १०१ मध्ये एक्स-मेन अंतराळातून पृथ्वीवर परतत असताना सौरवादळात सापडतात. सहकाऱ्यांना वाचवण्यासाठी जीन स्वतः यान चालवते आणि तीव्र किरणोत्सर्ग अंगावर घेते. यान न्यूयॉर्कजवळच्या जमैका बे या उपसागरात कोसळते आणि पाण्यातून जीन नव्या वेशात व नव्या शक्तीनिशी वर येते. या रूपात ती स्वतःला फिनिक्स म्हणवते. राखेतून पुन्हा जन्म घेणाऱ्या पुराणकथेतील पक्ष्यावरून हे नाव घेतले आहे. १९७७ मधील अंक १०७ व १०८ मध्ये ती याच शक्तीने विश्वाचा विनाश टाळते. अंक १०८ पासून बर्न चित्रकार म्हणून रुजू झाले.

निर्मिती

मार्व्हलच्या तत्कालीन कार्यपद्धतीनुसार लेखक व चित्रकार आधी कथानकाची रूपरेषा ठरवत, चित्रकार त्यावरून पाने रेखाटत असे आणि त्यानंतर लेखक संवाद लिहीत असे. क्लेअरमाँट व बर्न यांनी या मालिकेचे कथानक संयुक्तपणे रचले. बर्न यांच्या पेन्सिल रेखाटनांवर टेरी ऑस्टिन यांनी शाईकाम केले, रंगयोजना ग्लिनिस वाइन यांची आणि अक्षरलेखन प्रामुख्याने टॉम ऑर्झेकोवस्की यांचे होते. जिम शूटर हे त्या काळी मार्व्हलचे मुख्य संपादक होते.

फिनिक्सची शक्ती अमर्याद असल्याने तिच्या उपस्थितीत संघातील इतर सदस्य निष्प्रभ ठरू लागले होते. ही अडचण दूर करण्याच्या प्रयत्नातून, या शक्तीचा तिच्या मनावर काय परिणाम होईल हा प्रश्न कथेच्या केंद्रस्थानी आला.

कथेतील हेलफायर क्लब ही संस्था १८ व्या शतकातील इंग्लंडमधील त्याच नावाच्या मंडळांवर आणि 'द अव्हेंजर्स' या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेच्या १९६६ मधील एका भागावर बेतलेली आहे. त्या भागात पीटर विनगार्ड या अभिनेत्याने काम केले होते. कथेतील जेसन विनगार्ड या खलपुरुषाचे नाव त्यावरूनच आले आहे.

कथानक

हेलफायर क्लब (अंक १२९ ते १३४) : दोन नव्या म्युटंट व्यक्तींचा शोध लागल्याने एक्स-मेन दोन गटांत विभागून निघतात. त्यांपैकी एक शिकागोजवळ राहणारी किटी प्राइड ही शाळकरी मुलगी, तर दुसरी न्यूयॉर्कमधील डॅझलर ही गायिका असते. हेलफायर क्लबच्या अंतर्गत वर्तुळालाही या दोघी आपल्या ताब्यात हव्या असतात. श्रीमंत व प्रतिष्ठित लोकांच्या या क्लबमागे सेबॅस्टियन शॉ आणि एमा फ्रॉस्ट यांसारखे सत्ताकांक्षी म्युटंट लपलेले असतात.

दरम्यान जेसन विनगार्ड हा जीनच्या मनात १८ व्या शतकातील एका आयुष्याचे आभास निर्माण करत राहतो. त्या आयुष्यात ती त्याची पत्नी असते. विनगार्ड हा वस्तुतः मास्टरमाइंड हा एक्स-मेनचा जुना शत्रू असून भ्रम निर्माण करणे हीच त्याची शक्ती असते.

अंक १३२ मध्ये जीन व तिचा प्रियकर स्कॉट समर्स ऊर्फ सायक्लॉप्स यांचा एक शांत प्रसंग आहे. स्कॉटच्या डोळ्यांतून सतत विध्वंसक किरण बाहेर पडत असल्याने तो संरक्षक चष्म्याविना डोळे उघडू शकत नाही. जीन आपल्या शक्तीने ते किरण रोखून धरते आणि त्याचे उघडे डोळे पाहते. त्यानंतर ती दोघांच्या मनांत एक कायमचा दुवा निर्माण करते. पुढे क्लबवर केलेला हल्ला फसतो, जीन ब्लॅक क्वीन या रूपात शत्रूच्या बाजूने उभी राहते आणि वुल्व्हरीन वगळता इतर सदस्य बंदिवान होतात. स्कॉट त्या मानसिक दुव्याचा आधार घेऊन विनगार्डशी द्वंद्व करतो. त्यात तो पराभूत होतो, परंतु त्या धक्क्याने जीनचा भ्रम तुटतो. ती विनगार्डच्या मनाला सबंध विश्वाचे दर्शन घडवून त्याला वेडे करते. मात्र आत जागी झालेली वासना आता तिला आवरत नाही आणि ती डार्क फिनिक्स होते.

ताऱ्याचा विनाश (अंक १३५ व १३६) : सहकाऱ्यांना पराभूत करून डार्क फिनिक्स अंतराळात निघून जाते. शक्तीची भूक भागवण्यासाठी ती दूरच्या एका ताऱ्याची ऊर्जा शोषून घेते. त्या ताऱ्याभोवतीच्या ग्रहावरील डबारी जमातीचे पाच अब्ज जीव मरण पावतात. शियार साम्राज्याचे एक युद्धनौकायानही ती नष्ट करते. पृथ्वीवर परतल्यावर ती आपल्या आईवडिलांच्या घरी जाते. तेथे झालेल्या संघर्षात प्रोफेसर झेव्हियर तिच्या मनातील शक्तीभोवती बंधने घालतात आणि मूळची जीन भानावर येते.

चंद्रावरील निवाडा (अंक १३७ व १३८) : शियार सम्राज्ञी लिलांड्रा जीनला मृत्युदंड देण्याचा निर्णय घेते. झेव्हियर शियार परंपरेतील द्वंद्वाच्या हक्काची मागणी करतात. एक्स-मेन जिंकले तर जीन मुक्त, हरले तर ती शियारच्या स्वाधीन, असे ठरते. युद्धाच्या आदल्या रात्री प्रत्येक सदस्य एकांतात विचार करतो, की जीनने केले ते अक्षम्य असेल, तर आपण नेमके कशासाठी लढत आहोत? चंद्रावर एकेक सहकारी पडत जातो. स्कॉट कोसळताच जीनच्या मनावरील बंधने तुटतात. पुन्हा ताबा सुटण्यापूर्वी ती स्कॉटचा निरोप घेते आणि तेथील एका प्राचीन शस्त्राच्या माऱ्यात स्वतःला संपवते. अंक १३८ मध्ये तिचा अंत्यविधी होतो. स्कॉट संघ सोडून जातो आणि त्याच दारातून किटी प्राइड विद्यार्थिनी म्हणून आत येते.

शेवटाविषयीचा वाद

मूळ आराखड्यानुसार जीन मरणार नव्हती. पराभवानंतर शियार तिच्या मेंदूवर प्रक्रिया करून तिची शक्ती कायमची काढून घेणार होते आणि ती सामान्य स्त्री म्हणून पृथ्वीवर परतणार होती. अंक १३७ ची पाने त्याप्रमाणे तयारही झाली होती.

शूटर यांनी या शेवटाला हरकत घेतली. अब्जावधी जीवांचा संहार करणारी व्यक्ती केवळ शक्ती गमावून घरी परतते, हा शेवट त्यांना नैतिकदृष्ट्या अपुरा वाटला. कृत्याच्या प्रमाणात शिक्षा दिसली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. तिला कारावासात ठेवण्याचा पर्याय क्लेअरमाँट व बर्न यांना मान्य नव्हता, कारण तिचे सहकारी तिला सोडवण्याचा प्रयत्न करणारच आणि कथा त्याच चक्रात अडकणार. या चर्चेतून जीनच्या मृत्यूचा निर्णय झाला व अखेरची पाने नव्याने लिहून रेखाटण्यात आली.

मूळ शेवट १९८४ साली 'फिनिक्स: द अनटोल्ड स्टोरी' या नावाने स्वतंत्र अंकात प्रसिद्ध झाला. त्यात निर्मात्यांची व संपादकांची या निर्णयावरील चर्चाही छापलेली आहे. दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून वाचल्यास फरक ठळकपणे जाणवतो. पहिल्या आवृत्तीत जीनचे भवितव्य इतर लोक ठरवतात, तर प्रकाशित आवृत्तीत ते ती स्वतः ठरवते.

अन्वयार्थ

कथेतील मध्यवर्ती प्रश्न जबाबदारीचा आहे. विनगार्डने जीनच्या मनाशी खेळ केला नसता तर अनर्थ घडला नसता, हे खरे. परंतु त्याने जागवलेली वासना तिच्यातच होती, असेही कथा सुचवते. त्यामुळे तिला निव्वळ बळी म्हणता येत नाही आणि निव्वळ गुन्हेगारही म्हणता येत नाही.

समीक्षकांच्या एका गटाने या कथेवर स्त्रीवादी भूमिकेतून आक्षेप घेतला आहे. संघातील सर्वांत सामर्थ्यवान स्त्री स्वतःच्या सामर्थ्यानेच भ्रष्ट होते आणि मृत्यू हाच तिच्यापुढे मार्ग उरतो, हे चित्रण सामर्थ्यवान स्त्रीविषयीच्या भयातून आले आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. याउलट, अखेरचा निर्णय जीन स्वतः घेते, यात तिचे स्वत्व अबाधित राहते, असे मानणारेही वाचक आहेत.

जीन ग्रेचे पुनरागमन

१९८६ साली 'एक्स-फॅक्टर' या नव्या मालिकेसाठी जीनला परत आणण्यात आले. 'फँटॅस्टिक फोर'च्या अंक २८६ मध्ये असा खुलासा करण्यात आला की, खरी जीन जमैका बेच्या तळाशी एका कोशात निद्रिस्त होती आणि फिनिक्स ही तिचे रूप व तिच्या स्मृती धारण केलेली एक वैश्विक शक्ती होती. या खुलाशाने जीन संहाराच्या दोषातून मुक्त झाली. परंतु त्यामुळे मूळ कथेतील आत्मत्यागाचे मोल कमी झाले, अशी टीकाही झाली. सुपरहिरो कॉमिक्समध्ये मृत्यू टिकत नाही, या सर्वपरिचित तक्रारीचे उदाहरण म्हणून हा प्रसंग वारंवार दिला जातो.

रूपांतरे

१९९२ साली सुरू झालेल्या एक्स-मेन या सचेतन दूरचित्रवाणी मालिकेत ही कथा चार भागांत सादर झाली. हे रूपांतर मूळ कथेशी बरेच प्रामाणिक आहे, मात्र त्यात जीन अखेरीस वाचते. 'एक्स-मेन: द लास्ट स्टँड' (२००६) आणि 'डार्क फिनिक्स' (२०१९) हे दोन्ही चित्रपट याच कथेवर आधारित आहेत. पहिल्यात जीनची भूमिका फॅमके जॅन्सेन हिने, तर दुसऱ्यात सोफी टर्नर हिने केली. दोन्ही चित्रपटांत ग्रहाच्या संहाराचा प्रसंग जीनच्या हातून घडत नाही. त्यामुळे मूळ कथेतील न्यायाचा प्रश्न त्यांत त्याच तीव्रतेने उभा राहत नाही.

वाचनक्रम

ही कथामालिका १९८४ पासून एकत्रित पुस्तकरूपात उपलब्ध असून तिच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आहेत. नव्या वाचकाच्या दृष्टीने पुढील क्रम सोयीचा ठरतो.

• अंक १०० व १०१, तसेच १०७ व १०८ : फिनिक्सचा उदय. हे अंक अनिवार्य नाहीत, परंतु ज्या शक्तीने जीनने विश्व वाचवले तिनेच पुढे संहार केला, हा विरोधाभास त्यांमुळे कळतो.
• अंक १२९ ते १३८ : मुख्य कथा. किटी प्राइड ही नवखी व्यक्तिरेखा पहिल्याच अंकात येत असल्याने पूर्वपरिचय नसलेल्या वाचकालाही येथून प्रवेश करता येतो.
• 'फिनिक्स: द अनटोल्ड स्टोरी' : मुख्य कथा संपल्यानंतरच वाचावी.
• अंक १४१ व १४२ : 'डेज ऑफ फ्यूचर पास्ट' ही याच निर्मात्यांची १९८१ मधील दोन अंकी कथा. हिच्या केंद्रस्थानी किटी प्राइड आहे.

त्या काळच्या पद्धतीनुसार पात्रे आपले विचार व कृती विस्ताराने बोलून दाखवतात आणि प्रत्येक अंकाच्या आरंभी मागील घटनांची उजळणी असते. महिन्याला एक अंक वाचणाऱ्यांसाठी ती सोय होती. सलग वाचन करताना मात्र हा भाग पुनरुक्त वाटू शकतो, म्हणून एका बैठकीत एक किंवा दोन अंक वाचणे अधिक सुखकर होते.